कुंडीतला पांढरा थर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंबद्दल मी बिल्डिंगमध्ये जे बोललो, ते खरं नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा गैरसमज होणार नाही. त्या निवृत्त नर्स आहेत. सगळी नोकरी श्रीरामपूरला झाली, आता मुलीजवळ राहायचं म्हणून सावेडीत आल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही म्हणतो. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. ती मी परत मागून घेतली. निमित्त होतं पाच कुंड्यांचं.

या फ्लॅटमध्ये यायच्या आधी आमचं सावेडीतच बैठं घर होतं. मागं मोगरा, कढीपत्ता, एक लिंबू. बायकोचे गुडघे गेले, वाकणं बंद झालं, तेव्हा मुलानं आग्रह करून लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये आणलं. हॉल मोठा, पण उजेड बेताचा. बाल्कनी पश्चिमेची, दुपारनंतर तिथं उभं राहवत नाही. दोन महिन्यांनी एक दिवस बायको म्हणाली की डोळ्याला काहीतरी हिरवं पाहिजे.

आम्ही रिक्षा करून नर्सरीत गेलो. तिनं माळ्याला फुलझाडं दाखवूच दिली नाहीत.

"मला असं झाड द्या, जे माझ्यामागं लागणार न्हाई," ती म्हणाली.

तिचं माहेर काष्टीचं. तिचे वडील बाजारात बैलाची पारख करायला लोकांबरोबर जायचे, आणि लहानपणी ती त्यांच्यामागं हिंडलेली. झाडं तिनं तशीच निवडली. पान उलटं करून मागची बाजू बघितली. बुडाशी खोड अंगठ्यानं दाबून पाहिलं. कुंडी माझ्याकडून उचलवून घेतली आणि खालच्या भोकातून मूळ डोकावतंय का ते बघितलं. एक झाड फारच चकाकत होतं, मला आवडलं होतं. तिनं पानावर बोट फिरवलं आणि मला बोट दाखवलं. तेलकट होतं. "बाजारात शिंगाला तेल लावत्यात तसलं हाय हे. ठेवा खाली."

शेवटी पाच घेतली. पिवळ्या काठाचं, तलवारीसारख्या उभ्या पानांचं स्नेक प्लांट. जाड, गडद पानांचं झेडझेड. मनी प्लांट. बारीक पट्टेरी पानांचं स्पायडर. आणि शोभेसाठी म्हणून लालसर पानांचं अ‍ॅग्लोनिमा. घरात एक जुना लाकडी बाक होता, खुर्चीएवढ्या उंचीचा. त्यावर त्या ओळीनं ठेवल्या, म्हणजे तिला बसल्या जागेवरून हात पुरेल. स्नेक आणि झेडझेड आतल्या अंगाला, कारण त्यांना उजेड कमी असला तरी चालतो. लाल पानांचं खिडकीजवळ, पण ऊन थेट येणार नाही असं.

तिचा नियम सोपा होता. मातीत बोट दोन पेरं घालायचं. माती बोटाला चिकटली तर पाणी नाही. कोरडी लागली तर पेलाभर. स्नेक आणि झेडझेडला त्याच्याही निम्मं, तेही आठवण झाली तर. रविवारी ओल्या फडक्यानं पानं पुसायची. एवढंच काम. त्यात माझा वाटा नव्हता.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. कोणाच्या पाळीचं पाणी कोणी फोडलं, कुठल्या फाट्याचं दार परस्पर उचललं, हे शोधण्यात माझी नोकरी गेली. दाराच्या स्क्रूवर मी ओल्या मातीचा गोळा दाबून ठेवायचो. कोणी हात लावला तर सकाळी कळायचं. माणूस बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं, चिखल ओला आहे का ते बघायचं, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. ही सवय निवृत्त होत नाही. शिवाय मी पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावचा. पाणी वाया जाताना दिसलं की मी आधी भांडं शोधतो. आमच्या पाण्याच्या फिल्टरला एक बारीक नळी आहे, तिच्यातून नको असलेलं पाणी सारखं सिंकमध्ये जायचं. पहिल्याच आठवड्यात मी तिच्याखाली बादली लावली. सकाळी बायको उठायच्या आत ती रिकामी करायची, हे मी माझ्याकडे घेतलेलं काम.

पहिले काही महिने झाडं छान होती. मनी प्लांट बाकावरून खाली उतरलं. मग पावसाळ्याच्या सुमाराला मनी प्लांटची खालची पानं पिवळी पडायला लागली. स्पायडरची टोकं जळाल्यासारखी तपकिरी झाली. लाल पानांच्या झाडाभोवती बारीक चिलटं घोंगावू लागली. आणि एके दिवशी मला मातीवर काहीतरी पांढरं दिसलं. पाचही कुंड्यांत. पिठासारखं, कडेनं जास्त. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला.

मी तो कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवला. बायकोला सांगितलं नाही. पुरावा हातात आल्यावर बोलायचं नसतं, एवढं मला कळत होतं.

घरात दुपारी कोण येतं? कामवाली मावशी सकाळी येऊन जाते, आणि ती असते तेव्हा मी घरात असतो. महिन्याला भिशीच्या बायका येतात. रोज येतात त्या सिस्टर. दुपारी दोनच्या पुढं त्या स्वतःच्या किल्लीनं दार उघडून यायच्या, कारण बायकोला उठायला वेळ लागतो. मी तेव्हा आत झोपलेला. दोघी बाकाजवळ बसून गप्पा मारायच्या, कधी निवडायला काही घ्यायच्या. सिस्टर तिचे पाय हातात घेऊन व्यायाम करून घ्यायच्या. मला पडल्या पडल्या दोघींचं हसणं ऐकू यायचं. ते पूर्वी मला बरं वाटायचं.

पुडी खिशात पडल्यापासून ते हसणं मला वेगळं वाटायला लागलं. एकदा पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आलो, तर सिस्टर कुंडीवर वाकलेल्या. मला बघून सरळ झाल्या.

"भाऊ, यांना पाणी कोण घालतं?"

"हीच घालते. का?"

"नाही, सहज विचारलं."

सहज कोणी विचारत नाही. चोरी करणारा माणूसच आधी विचारतो की पाळी कोणाची आहे. पाटावर मी हे शंभरदा ऐकलं होतं.

त्यानंतर मी त्यांच्या दाराकडे लक्ष ठेवू लागलो. एकदा दार उघडं होतं, आत शोकेसवर एक काचेची बरणी दिसली. तिच्यात पाणी, आणि पाण्यात पिवळ्या काठाचं पान उभं केलेलं. आमच्या स्नेक प्लांटचं. खालच्या टोकाला पांढरी मुळं फुटलेली. आमच्या घरी येऊन बघतो तर एक पान बुडापासून कापलेलं. कापही स्वच्छ, एका झटक्यात केलेला. आमचं झाड मरतंय आणि त्याचंच पान त्यांच्याकडे मुळं धरतंय, याचा अर्थ मला लागला असं मला वाटलं. नंतर कळलं की ते पान बायकोनंच कापून दिलं होतं. त्या वेळी मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती सांगून मोकळी झाली असती, आणि बहुधा म्हणूनच विचारलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही आठवडाभर मुलाकडे पुण्याला गेलो. किल्ली सिस्टरकडे. परत आलो तेव्हा मी चपला काढायच्या आधी कुंड्यांजवळ गेलो. चिलटं गेली होती. मनी प्लांटला एक नवं पान आलं होतं, अजून गुंडाळलेलं. माती वरून कोरडी.

सिस्टर म्हणाल्या, "मी पाण्याला हातही लावला नाही, वहिनी. फक्त पडदे उघडले."

बायको खूश झाली. मी नाही झालो. आम्ही नसताना झाडं सुधारली, याचं कारण माझ्या मते उघड होतं. घरात दुसरं कोणी नसताना काही बिघडलं तर आळ सरळ त्यांच्यावर आला असता. म्हणून त्या आठवड्यात त्यांनी हात राखला. मी मनात म्हटलं, बाई हुशार आहे.

आणि आम्ही आल्यानंतर पंधरा दिवसांत पुन्हा पिवळं पडायला सुरुवात झाली. मग तर माझी खात्रीच झाली.

मी जुना उपाय केला. रोज दुपारी झोपायला जाण्याआधी एक काळा दोरा पाचही कुंड्यांना टेकवून, कोणाला दिसणार नाही असा, सैल सोडून ठेवायचो. कोणी मातीला हात घातला तर तो हलणार. आठवडाभर दोरा जागचा हलला नाही. आणि त्याच आठवड्यात लाल पानांचं झाड बुडातून मऊ होऊन आडवं झालं. दुसऱ्या कोणाही माणसानं यातून निष्कर्ष काढला असता की दुपारी काही घडत नाहीये. मी निष्कर्ष काढला की त्यांना दोरा दिसला आहे.

त्या लाल झाडावर बायकोचा जीव होता. ती फडक्यानं रिकाम्या जागेवरची धूळ पुसत राहिली. मी तसाच उठलो आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

"सिस्टर, आमची किल्ली द्या जरा."

त्या आत जाऊन किल्ली घेऊन आल्या. किल्लीला त्यांनी आठवणीसाठी निळा दोरा बांधला होता. "मुलगा येतोय का?"

"नाही. आता आमच्याकडेच राहू द्या."

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "झाडांचं काही झालं का, भाऊ?"

"ते तुम्हालाच जास्त माहीत," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा मी बघितला नाही. सवयीनं पायाकडे बघितलं. पायात घरातली निळी स्लिपर होती, कोरडी.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. संध्याकाळी खाली बाकावर आम्ही तिघं म्हातारे बसतो. एक निवृत्त बँकवाले, एक साखर कारखान्यातले. मी त्यांना म्हणालो, कोणाकडे किल्ली देताना जरा विचार करत जा, सगळीच माणसं दिसतात तशी नसतात. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नाही. दोघांनीही मान अशी हलवली, जशी काही त्यांना आधीपासून हेच वाटत होतं. तोपर्यंत बिल्डिंगमधली अर्धी माणसं सिस्टरकडून बीपी तपासून घ्यायची, इंजेक्शन द्यायला त्यांना बोलवायची. महिन्याभरात ते बंद झालं. कोणी मेडिकलमधून मशीन आणलं, कोणी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊ लागलं. मला ते दिसत होतं.

माझी शंका इतक्या पटकन त्यांच्याकडेच का गेली, याचं उत्तर मी खूप दिवस टाळलं. त्यांच्या घरात शिरल्याबरोबर समोर बुद्धाची मूर्ती आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ते मी कुठंतरी मनात टिपून ठेवलं होतं. भिशीच्या बायकांपैकी कोणावर माझा संशय क्षणभरही गेला नाही. पाटावर फिरतानाही मी बॅटरी आधी कोणाच्या वावराकडे मारायचो आणि कोणाच्या बागायतीवरून नुसता पुढं जायचो, हे मला चांगलं आठवतं. आमच्या समाजातले मोठे बागायतदार मला चहा पाजायचे.

घरात दुपार शांत झाली. सिस्टर येत नव्हत्या. बायको टीव्ही लावायची आणि आवाज बंद ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतं. नंतर माझ्या लक्षात आलं की आवाज बंद ठेवला की समोरचं दार उघडल्याचं तिला ऐकू येतं. पायाचे व्यायाम थांबले. बाकापासून स्वयंपाकघरापर्यंत जायला तिला भिंत धरावी लागायला लागली. झाडांकडे ती बघेनाशी झाली. मी विचार केला, आता किल्ली आपल्याकडे आहे, झाडं सुधारतील.

ती सुधारली नाहीत. झेडझेड, जे नर्सरीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे विसरलं तरी जगतं, ते पिवळं पडलं. आता घरात संशय घ्यायला कोणी उरलं नव्हतं, तरी मी एक दिवस कामवाल्या मावशीच्या फरशी पुसायच्या फडक्याचा वास घेऊन बघितला. इथवर मी आलो होतो.

जानेवारीतल्या एका सकाळी झेडझेडची कुंडी मी गच्चीवर नेली. माती टाकून द्यायची आणि कुंडी धुवून ठेवायची असं ठरवलं होतं. कुंडी उलटी करून बुडावर थाप मारली. माती भुसभुशीत सुटेल असं वाटलं होतं. ती अख्खी, कुंडीच्या आकाराची, जड ढेप होऊन बाहेर आली. खाली काळी, चिकट. मुळांशी बटाट्यासारखे जे गड्डे असतात ते पिचकले होते. वर मात्र तोच पांढरा थर. आणि त्या ढेपेचा वास आला.

तो वास मला ओळखीचा होता. नोकरीत काही वर्षं मी श्रीरामपूरकडच्या उसाच्या पट्ट्यात होतो. तिथं पाटाचं पाणी इतकं द्यायचे की जमिनीचा दम गेला होता. खाली पाणी साचलेलं, वर खार फुटलेला, ऊस खालच्या पानापासून पिवळा. सकाळी लांबून वावरावर चुना टाकल्यासारखं दिसायचं. चोपण जमीन. बांधावर उभं राहून मी शेतकऱ्यांना सांगायचो की कोणी करणी केली नाही, कोणी काही टाकलं नाही, तुमचंच पाणी जास्त झालंय. ते ऐकायचे नाहीत. पीक माना टाकतंय म्हणजे तहानलंय, असं म्हणून आणखी एक पाळी द्यायचे. मी त्यांना मनातल्या मनात हसायचो.

मी खाली आलो आणि फिल्टरखालची बादली उचलली. आतल्या बाजूला, पाणी जिथपर्यंत चढतं तिथं, पांढरं कडं होतं. घासूनही न निघणारं.

ती बादली मी रोज सकाळी कुंड्यांत रिकामी करत होतो. फिल्टर बोअरच्या पाण्यातला क्षार वेगळा काढून याच नळीतून बाहेर टाकतो, हे मला माहीत होतं. पण मी त्याला कधी पाणी घालणं म्हटलंच नाही. पाणी बायको घालायची, पेल्यानं, बोट घालून बघून. मी फक्त पाणी वाया जाऊ देत नव्हतो. पान पिवळं दिसलं की त्या कुंडीत थोडं जास्त ओतायचो, बिचारं सुकतंय म्हणून. आणि हे सगळं ती उठायच्या आत, म्हणून तिला माहीत नव्हतं. पुण्याला गेलो तो आठवडा बादली बंद होती.

मी बायकोजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. बादली, पुडी, दोरा, खाली बाकावर बोललो ते. पुडी अजून माझ्या जाकिटाच्या खिशात होती, तीही काढून ठेवली. तिनं ती उघडूनही बघितली नाही.

"मला कशाला सांगताय," ती म्हणाली. "समोर जाऊन सांगा."

सिस्टरनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगितलं. शोकेसवर आमच्या स्नेक प्लांटचं पान आता मातीत लावलेलं होतं, शेजारी एक कोवळं टोक वर आलं होतं. मी किल्ली पुढं केली. निळा दोरा अजून तसाच होता.

त्यांनी किल्लीला हात लावला नाही. "झाडाचं सोडा, भाऊ. झाड मरतं, दुसरं येतं. खाली जे सांगितलंत, ते खाली जाऊन सांगा."

त्याच संध्याकाळी मी खाली गेलो. बाकावरच्या दोघांना सांगितलं की चूक माझी होती, बादलीची गोष्ट सगळी सांगितली. बँकवाले हसले आणि म्हणाले की फिल्टरच्या पाण्यानं गाडी धुवावी. कारखान्यातले म्हणाले, "तुम्ही भले माणूस आहात, म्हणून पांघरूण घालताय. काहीतरी असल्याशिवाय तुम्ही बोलला नसता." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तशीच मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. फक्त पहिल्या शब्दावर.

मग मी दुसरं केलं. सिस्टर संध्याकाळी भाजी घेऊन आल्या तेव्हा मी बाकावरून उठलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो की माझं बीपी बघायचंय, इथंच बघता का. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. पिशवी ठेवली, वर जाऊन मशीन घेऊन आल्या. मी बाही वर केली. त्यांनी दंडाला पट्टा बांधला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "जास्त आहे. उद्या पुन्हा बघू." बँकवाल्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, आमचंही बघता का. कारखान्यातले उठून फिरायला गेले. सिस्टर मशीन घेऊन आल्या की ते अजून उठून जातात.

चोपण जमीन सुधारता येते, पण त्याला चर खणावे लागतात, पाणी निचरू द्यावं लागतं, आणि वाट बघावी लागते. किती, ते मी कोणाला कधी सांगू शकलो नाही. म्हणून हे लिहून या मासिकाला पाठवतो आहे. कारखान्यातल्यांच्या घरी अंक येतो, हे मला माहीत आहे.

पाचांतली दोन झाडं उरली, मनी प्लांट आणि स्नेक. नव्या मातीत निम्मी वाळू घातली आहे. बादली आता फरशीला आणि संडासाला. मी बोट घालून बघतो, ओलं लागलं की हात मागं घेतो, आणि हे मला अजून जड जातं.

किल्ली आमच्याकडेच खिळ्याला आहे. सिस्टर आमच्याकडे येत नाहीत. दुपारी बायकोच काठी घेऊन उठते, भिंत धरत दारापर्यंत जाते, आणि समोरची बेल वाजवते. पोहोचवायला येऊ का विचारलं, तर नको म्हणाली. मी आत पडून राहतो. दोन्ही दारं बंद असतात, तरी कधीकधी हसणं ऐकू येतं. कशावर हसतात ते कळत नाही. माझ्यावरच असेल, असं आधी मनात येतं.